उसाच्या फडातली बैठक

मलिक अंबर हे नाव नगरकरांना नवं नाही. निजामशाही कोसळत असताना वीस-पंचवीस वर्षं तिला आपल्या खांद्यावर तोलून धरणारा हा वजीर. त्याची जमीन महसुलाची पद्धत आणि त्याचा गनिमी कावा, दोन्ही आपण शाळेच्या पुस्तकात वाचलं. पण हा माणूस मूळचा आपल्याकडचा नव्हता. आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला, पोरवयात विकला गेलेला, अरबस्तानातून हात बदलत बदलत दख्खनमध्ये पोचलेला हा गुलाम. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं. पुढे हाच गुलाम राज्याचा कर्ता झाला आणि १६२६ साली वारला.

आज त्याची आठवण काढायचं कारण एवढंच, की आपलं नगर समुद्रापासून लांब आहे असं आपण समजतो. मध्ये सह्याद्री आहे, घाट आहेत, कोकण आहे. तरीही हिंदी महासागरावर चाललेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीचा एक धागा थेट नगरच्या राज्यात येऊन पोचला होता. तोच धागा उलट्या दिशेनं धरून गेलं तर आपण ज्या बेटावर जाऊन पोचतो, त्या मॉरिशसच्या कलेविषयी मला आज बोलायचं आहे.

मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, मादागास्करच्या पूर्वेला हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे आपल्या जिल्ह्यात अशी नऊ बेटं मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. पण एवढ्याशा जागेत क्रिओल, भोजपुरी, फ्रेंच, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी आणि मराठी अशा भाषांतून गाणी म्हटली जातात आणि नाटकं होतात.

या बेटाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथं मूळचे रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव त्याला दिलं. ऊस त्यांनीच जावामधून आणला. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला आणि १८१० मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. त्यामुळे मॉरिशसमध्ये आज जे जे म्हणून आहे, माणसं, ऊस, भाषा, देव, गाणं, ते सगळं कधी ना कधी बोटीतून उतरलेलं आहे. आणि बोटीतून उतरलेली बहुसंख्य माणसं रिकाम्या हातांची होती. कुणाला साखळीनं बांधून आणलं होतं, कुणाला कराराच्या कागदावर अंगठा घेऊन. मग प्रश्न पडतो, ज्यांच्याजवळ पेटी नव्हती, कपाट नव्हतं, स्वतःचं घरही नव्हतं, त्यांनी आपली कला ठेवली कुठे?

याचं उत्तर शोधायला आधी सेगाकडे जावं लागतं.

सेगा हे मॉरिशसचं सगळ्यात ओळखीचं गाणं आणि नाचही. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी ते घडवलं. दिवसभर मळ्यात राबायचं आणि रात्री आगीभोवती जमायचं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलून धरायची. मालकावर बोलायचं ते गाण्यातून, प्रेमाचं बोलायचं तेही गाण्यातून. भाषा क्रिओल, म्हणजे मालकांच्या फ्रेंचमधले शब्द घेऊन राबणाऱ्यांनी आपसांत तयार केलेली बोली. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत. ते जमिनीला घासत, सरकत राहतात.

सेगाची वाद्यं तीन. पहिलं रावान. लाकडाच्या गोल कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, हातानं वाजवायचं. दुसरं मारावान. उसाच्या तुऱ्याच्या काड्या जुळवून केलेली चपटी पेटी, आत बिया, हातात धरून हलवायची. तिसरा लोखंडी त्रिकोण. फ्रेंच रेडिओच्या ‘ओकोरा’ विभागानं काढलेल्या ध्वनिमुद्रणात मी पहिल्यांदा रावान ऐकला. पुढे त्याविषयी वाचताना एक तपशील सापडला. वाजवण्याआधी रावान आगीच्या धगीवर धरतात. कातडं तापलं, ताणलं, की मगच त्याचा आवाज खुलतो.

हे वाचलं आणि मला आमचा कालवा आठवला. माझं गाव प्रवरेच्या कालव्यावरचं. दिवाळी झाली की पाथर्डीकडची आणि बीडकडची ऊसतोड माणसं बैलगाड्या घेऊन उतरायची. फडाच्या कडेला कोप्यांची रांग लागायची. कोपीपुढे तीन दगडांची चूल. होळीच्या सुमाराला त्यांच्यातले तरुण पाचट पेटवून त्याच्या आचेवर हलगी शेकत बसायचे. आम्ही पोरं लांबून बघायचो. बोटानं टिचकी मारून आवाज पाहायचा, पुन्हा शेकायची, पुन्हा टिचकी. आणि मग एकदम ती अशी कडाडायची, की आमच्या वाड्यातली कुत्री उठून भुंकायला लागायची. उसाच्या फडाच्या कडेला जाळ करून चामड्याचं वाद्य शेकणारी माणसं इथंही होती आणि साडेचार हजार किलोमीटरांवर तिथंही होती. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नाही. दोघांचं काम मात्र एकच होतं.

हे साम्य मी गंमत म्हणून सांगत नाही. दोन्हीकडे वाद्याला आग लागते, आणि आगीभोवती माणसं जमतात. गुलामाला घर नव्हतं, पण रात्रीची ती आगीभोवतीची जागा होती. कला त्यानं तिथं ठेवली. पोर्ट लुई या राजधानीत १८२२ साली मोठं नाट्यगृह उघडलं. बेटावरच्या गोऱ्या मंडळींची करमणूक तिथं होत होती. त्याच काळात त्यांच्याच मळ्यावर रात्री जो सेगा चालायचा, त्याला ही मंडळी असभ्य समजायची. पण दोनशे वर्षांनंतर मॉरिशसची म्हणून जगाला माहीत झाली ती आगीभोवतीची कला.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. ऊस मात्र संपला नव्हता, वाढतच होता. मळेवाल्यांना माणसं हवी होती. ती हिंदुस्थानातून आणायची असं आधीच ठरलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचं आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केलं. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असाही नियम होता.

नगर जिल्ह्यातल्या वाचकाला हा हिशोब ओळखीचा वाटेल. आपल्याकडे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरला आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकरी मालक झाला, ही मोठीच गोष्ट. पण ऊस तोडणाऱ्यासाठी उचल राहिली, मुकादम राहिला, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ हे माप राहिलं, आणि खाडा झाला की दंड राहिला. गिरमिट आणि उचल एकच, असं मी म्हणणार नाही. मॉरिशसला गेलेल्याला समुद्र ओलांडून परत यायचं होतं, आपला कोयता पाडव्याच्या सुमाराला गावी परततो. पण आधी पैसे घ्यायचे आणि मग अंग मोडून ते फेडायचे, हा दोन्हींतला सांधा एकच आहे.

तर हे गिरमिटिये. बहुतेक कलकत्त्याहून चढलेले, म्हणजे बिहारकडचे भोजपुरी बोलणारे. त्यानंतर मद्रासहून आलेले तमिळ आणि तेलुगू. सगळ्यात कमी मुंबईहून, आणि त्यांत मुख्यतः कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसं. पोर्ट लुईच्या बंदरावर ज्या दगडी पायऱ्या चढून ते वर आले, ती जागा आता ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखली जाते. २००६ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, ल मॉर्न हा डोंगर त्या यादीत आला. मळ्यातून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारीत लपत. बेटाचे दोन वारसे, एक पळालेल्या गुलामांचा आणि एक कराराच्या मजुरांचा.

भारतीय मजुरांनी आपली कला कुठे ठेवली? त्यांनी तिला ‘बैठका’ असं नाव दिलं. शब्द आपला ओळखीचाच. मळ्याच्या वस्तीवर एखादी गवताची झोपडी असायची. कामावरून आल्यावर माणसं तिथं जमत. कुणी रामायण वाचायचं, कुणी भजन म्हणायचं, कुणी पोरांना धुळीत अक्षरं काढून शिकवायचं. तंटे तिथंच मिटायचे, लग्नं तिथंच जुळायची. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले होते. मुलांना शिकवा, असं त्यांनी तिथल्या लोकांना सांगितलं. ते सांगणं ज्या जागी रुजलं, ती जागा हीच.

बायकांची बैठक वेगळी होती. भोजपुरी घरात लग्नाआधी ‘गीत-गवई’ होते. नवरीच्या किंवा नवऱ्याच्या घरी बायका जमतात. पाच सवाष्णी एका कापडावर हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे निवडून ठेवतात, बाकीच्या देवांची गाणी म्हणतात. मग ढोलकीची पूजा होते आणि रात्र गाण्यात जाते. गाणी आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे गेली. त्यांचं पुस्तक नव्हतं. २०१६ मध्ये युनेस्कोनं गीत-गवईला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी दोन वर्षं, २०१४ मध्ये, सेगा त्या यादीत आला होता.

आता मराठी माणसाकडे येतो, कारण सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट त्याची आहे.

संख्येनं थोडी असलेली ही मंडळी बेटाच्या पश्चिमेला आणि मध्यभागातल्या पठारावर विखुरली. कोकणातून येताना त्यांनी गणपती आणला. कास्काव्हेल या छोट्या गावात १८९६ साली मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव झाला, असं तिथं मानलं जातं. आज गणेश चतुर्थीला मॉरिशस सरकारची सार्वजनिक सुटी असते. एवढ्याशा समाजाच्या सणाला देशभर सुटी, ही मोठी गोष्ट आहे. मिरवणूक नदीकडे किंवा समुद्राकडे निघते आणि तिच्यात ‘झाकरी’ असते. झाकरी म्हणजे रत्नागिरीची जाखडी, ज्याला आपण बाल्या नाच म्हणतो. मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या पायांनी फेर धरणारे. कोकणातला चाकरमानी गणपतीला मुंबईहून गावी जातो आणि जाखडीत उतरतो. मॉरिशसच्या माणसाला गावी जाता येत नव्हतं, म्हणून त्यानं गावच फेरात उभं केलं.

पण बोलण्यातली मराठी? ती ओसरत गेली. २०११ च्या शिरगणतीत मॉरिशसमधल्या पाचातल्या चारांहून अधिक लोकांनी घरात क्रिओल बोलतो असं सांगितलं. मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत. आजी-आजोबांची मराठी कोकणी वळणाची होती. नातवंडांच्या तोंडी क्रिओल आली, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच आली. तरीही आरती मराठीत आहे. झाकरीचं गाणं मराठीत आहे. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. तिथल्या रेडिओ-दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात. १९९१ मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली होती. आणि तिथल्या कला व संस्कृती खात्यातर्फे निरनिराळ्या भाषांचे जे राष्ट्रीय नाट्यमहोत्सव होतात, त्यांत मराठी नाटकाचाही महोत्सव असतो.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते नाटकाचं. घरी क्रिओल बोलणारी पोरं दोन-तीन महिने संध्याकाळी जमतात, मराठी संवाद पाठ करतात, एकमेकांचे उच्चार दुरुस्त करतात. चूल-भाकरीच्या व्यवहारात जी भाषा उरली नाही, ती तालमीत पुन्हा तोंडात येते. कुणी म्हणेल, ही भाषा काय, पाठांतर आहे. असेल. पण तालीम ही जमायची जागा आहे. झोपडीतली बैठका गेली, तिच्या जागी तालमीची खोली आली. भाषा घरातून गेल्यावरही काही काळ कलेच्या ओसरीवर थांबते, हे मॉरिशसच्या मराठी माणसानं दाखवून दिलं. ती तिथं किती काळ थांबेल, हे त्या ओसरीवर पोरं येत राहतात की नाही यावर आहे.

जुनी कला टिकवली एवढ्यावर मॉरिशसची गोष्ट संपत नाही. त्यांनी नवीही घडवली, आणि तीही उसापासून फार दूर गेली नाही. माल्कम द शाझाल हा गोऱ्या घराण्यातला माणूस. जन्म १९०२ चा. साखर-तंत्राचं शिक्षण घ्यायला तो अमेरिकेतल्या लुईझियानात गेला होता. परत येऊन त्यानं सुभाषितांसारख्या छोट्या छोट्या विधानांचं पुस्तक लिहिलं. ते १९४८ मध्ये पॅरिसला निघालं आणि तिथल्या नव्या वळणाच्या कवींनी ते डोक्यावर घेतलं. पुढे तो चित्रं काढू लागला. लहान मुलानं रंगवावीत तशी भडक, सपाट रंगांची फुलं, मासे, डोंगर. १९८१ मध्ये तो वारला. आज मॉरिशसच्या चित्रकलेची गोष्ट त्याच्या नावावाचून सांगता येत नाही. २०१५ मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात मॉरिशसनं पहिल्यांदा स्वतःचं दालन मांडलं.

नाटकात देव विरासामी यांचं नाव घ्यावं लागतं. १९४२ चा जन्म, २०२३ मध्ये निधन. क्रिओल ही ‘मोडकी फ्रेंच’ नव्हे, ती आमची भाषा आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं आणि तिच्यात लिहून दाखवलं. त्यांच्या ‘ली’ या नाटकाला रंगमंचावर यायला बंदी झाली. १९८१ मध्ये त्याच नाटकाला फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओच्या नाट्यस्पर्धेत पारितोषिक मिळालं. १९९१ मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’चं क्रिओल रूप केलं आणि त्याला नाव दिलं ‘तुफान’. शब्द हिंदुस्थानी, नाटक इंग्रजी, बोली क्रिओल. मॉरिशसला हे जोडकाम वाटत नाही, ते त्यांचं रोजचं बोलणं आहे. जानेवारी २०१२ पासून क्रिओल तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवली जाऊ लागली.

आणि सेगा? त्याचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. ती फ्रेर हे नाव घेतलेले एक गायक होते, खरं नाव झां आल्फोन्स रावातों. जन्म १९००, मृत्यू १९९२. १९६४ मध्ये ल मॉर्नच्या पायथ्याशी ‘सेगाची रात्र’ झाली आणि त्यांना सेगाचा राजा म्हणून गौरवण्यात आलं. सभ्य लोकांनी ज्या गाण्याला नाक मुरडलं होतं, ते त्या रात्री उजळ माथ्यानं पुढे आलं. चार वर्षांनी, १२ मार्च १९६८ रोजी, मॉरिशस स्वतंत्र झालं.

पुढच्या पिढीत काया आला. गरीब वस्तीतला गायक, सेगा आणि जमैकाचा रेगे मिसळून त्यानं ‘सेगे’ ही नवी चाल लोकप्रिय केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये एका जाहीर मैफलीनंतर त्याला अटक झाली आणि पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. बेटावर कित्येक दिवस दंगली पेटल्या. शांत, हसऱ्या पर्यटन-बेटाचं चित्र त्या आठवड्यात फाटलं. गुलामांच्या वंशजांना स्वातंत्र्यात आपला वाटा मिळाला का, हा प्रश्न त्या दंगलींनी देशापुढे ठेवला. गाणं ही नुसती करमणूक असती, तर एका गायकाच्या मृत्यूनं देश असा हादरला नसता.

याच काळात सेगा हॉटेलातही शिरला. समुद्रकाठच्या हॉटेलांत पाहुण्यांचं जेवण चाललेलं असताना घोळदार, रंगीत घागऱ्यांचा सेगा होतो. त्यानं कलाकारांना पैसे मिळतात, ते हवेतच. पण तिथं आग नसते. कृत्रिम कातड्याचे रावान आले, ते शेकावे लागत नाहीत. वेळ वाचतो. मात्र शेकायला लागणारा जो अर्धा-पाऊण तास होता, त्यातच तर गप्पा व्हायच्या, जुनी गाणी आठवायची, नवं पोर म्हाताऱ्याच्या शेजारी बसून हात कसा टाकायचा ते शिकायचं. हलगीचंही तेच झालं. आता प्लास्टिकच्या पानाची हलगी मिळते. ती पावसात भिजली तरी वाजते. आणि तिला कुणी शेकत बसत नाही.

म्हणून मला वाटतं, कला जपायची म्हणजे वाद्य काचेच्या कपाटात ठेवायचं, गाणं पुस्तकात छापायचं, एवढ्यानं भागत नाही. माणसं ज्या निमित्तानं आणि ज्या जागी जमत होती, ते निमित्त आणि ती जागा राहिली तर कला राहते. आपल्याकडे ओवीचं उदाहरण आहे. जातं थांबलं, तशी पहाटेची ती जागा गेली आणि ओवी मुकी झाली. गी प्वातवँ हे मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम झालं नसतं तर आपल्या आज्या-पणज्या काय म्हणत होत्या, हे आपल्याला ठाऊकही झालं नसतं. जातं परत येणार नाही. पण गाणाऱ्या बाईच्या नावानिशी तिची ओवी राहिली.

मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदींची जुनी बाडं जपलेली आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची. १८६० च्या दशकापासून पुढे कित्येकांची छायाचित्रंही आहेत. आज तिथली माणसं त्या नोंदींवरून आपलं मूळ गाव शोधत कोकणात आणि बिहारात येतात. कामासाठी माणसाचं जेवढं लागतं, तेवढं सगळं त्या वहीत आहे. तो माणूस संध्याकाळी काय गात होता, याचा रकाना मात्र त्या वहीत नाही. ते कळलं ते बैठकांमुळे, बायकांमुळे, झाकरीच्या फेरामुळे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. आपल्या कारखान्यांवरही चोख नोंदी असतात. मुकादमाचं नाव, टोळीचा क्रमांक, कोयते किती, उचल किती, गाडीचं वजन किती. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून निघणारी ही माणसं वर्षातले पाच-सहा महिने फडावर काढतात. त्यांची गाणी आहेत, देवीची आहेत, भारुडं आहेत, मुकादमावरच्या कोट्या आहेत, बायकांची पाळण्याची आणि लग्नाची गाणी आहेत. ऊसतोडणीची यंत्रं आली आहेत आणि वाढत जाणार आहेत. कोयत्याचं कष्टाचं जिणं संपलं तर त्याचं दुःख कुणी करू नये. त्यांच्या मुलांनी शाळेत जावं, कोयता हातात घेऊच नये, हीच इच्छा धरायला हवी. पण कोपीपुढच्या चुलीभोवती जे गायलं गेलं, ते त्या कष्टाबरोबर पुसून जावं का?

मॉरिशसला हे कळायला पावणेदोनशे वर्षं लागली. ज्यांना मजूर म्हणून मोजलं, ते कलावंतही होते, हे देशानं मान्य केलं तेव्हा त्यांची पणतवंडं म्हातारी झाली होती. आपल्याला तितकं थांबायचं कारण नाही. गाणारी माणसं आज हयात आहेत, ती आपल्याच तालुक्यात आहेत आणि त्यांच्या पोरांच्या खिशात आवाज साठवणारा मोबाइल आहे. फडावरच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकानं, गावातल्या एखाद्या महाविद्यालयीन मुलीनं हंगाम संपायच्या आत एक संध्याकाळ कोप्यांवर जाऊन बसावं. आधी बसावं, मग ऐकावं, आणि गाणं टिपून घेताना गाणाऱ्याचं किंवा गाणारीचं पूर्ण नाव आणि गाव विचारावं. टोळीचा क्रमांक कारखान्याच्या वहीत असतोच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)